बोन्साय मंडळ : खानदेशच्या उन्हाळ्यात टिकवायचे कसे?

(रोपवाटिकाधारक व शेतकऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कापूस, केळी, ज्वारी यांवर बोलणारा कृषिविद्येचा माणूस बोन्सायवर काय बोलणार, असे काहींच्या मनात आले असेल. ते बरोबरच आहे. झाडाला वळण कसे द्यावे, तार कशी गुंडाळावी हे शिकवणारे माझ्यापेक्षा जाणकार लोक आहेत. मला जो प्रश्न वारंवार विचारला जातो तो वेगळा आहे. "सर, आम्ही वीस जण जमलो, शिबिर घेतले, चार सभा छान झाल्या, आणि पुढे कोणी येईनासे झाले. असे का होते?" आज मी फक्त या प्रश्नापुरते बोलणार आहे.

लोक म्हणतात की उत्साह टिकत नाही, माणसांना वेळ नाही. मला हे उत्तर पटत नाही. तुम्ही कॅलेंडर काढून बघा. शिबिर बहुधा पावसाळ्यात किंवा जानेवारीत झालेले असते. त्या दिवसांत कोणाचेही झाड हिरवेगार असते. मग मार्च उलटतो. जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, धुळ्यालाही फारसे वेगळे नसते. दोन इंच खोलीच्या कुंडीतले झाड मे महिन्यात एका दुपारी वाळते. ज्याचे झाड वाळले तो जूनच्या सभेला येत नाही. त्याला वाटते, आपल्या हाताला गुण नाही. मंडळ बंद पडते ते असे, एकेका झाडाने. म्हणून आपल्या भागात बोन्साय मंडळ चालवायचे म्हणजे सभासदांची झाडे उन्हाळ्यातून बाहेर काढायची, हे पहिले काम समजावे.

झाड का वाळते?

हे शेतकऱ्याला चटकन समजेल. तापीकाठची काळी जमीन उन्हाळ्यात कशी भेगाळते ते आपण पाहतो. तीच माती बोन्सायच्या उथळ कुंडीत भरली की ती आक्रसते आणि कुंडीच्या कडेपासून सुटते. वरून पाणी घातले की ते कडेच्या फटीतून सरळ खालच्या छिद्रातून बाहेर पडते. घालणाऱ्याला वाटते, भरपूर पाणी झाले. आत मुळांचा गड्डा मात्र कोरडाच असतो. शंका आली तर कुंडी उचलून बघावी. वजनाला हलकी लागली तर पाणी आत गेलेले नाही. अशी कुंडी घमेल्यात पाणी भरून त्यात बुडवून ठेवावी व बुडबुडे थांबेपर्यंत काढू नये.

काळी माती वापरूच नये हे उत्तम. आपल्याकडे वीटभट्ट्या सगळीकडे आहेत. चांगल्या भाजलेल्या विटांचे तुकडे बारीक करून चाळून घ्यावेत. ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्याएवढा चुरा ठेवावा, खालची भुकटी फेकून द्यावी. भुकटीने छिद्रे बुजतात आणि पावसाळ्यात मुळे कुजतात. असा चुरा दोन भाग, चाळलेला मुरूम एक भाग आणि पूर्ण कुजलेले, चाळलेले शेणखत एक भाग, हे मिश्रण वड, पिंपळ, उंबर यांना चालते. चिंच व बोर यांना शेणखत थोडे कमी घालावे. विटेचा चुरा पाणी धरून ठेवतो आणि हवाही खेळती ठेवतो. पुण्या-मुंबईच्या पुस्तकात किंवा जपानी पद्धतीत जे मिश्रण सांगितलेले असते ते तेथील हवेसाठी असते. कोरड्या हवेच्या आपल्या भागात ते जसेच्या तसे उचलू नये.

दुसरे कारण गच्ची. सिमेंटचा स्लॅब दुपारी तापतो आणि रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो. त्यावर ठेवलेली कुंडी खालून भाजते. कुंड्या लाकडी बाकावर किंवा विटांच्या थरावर दीड-दोन फूट उंच ठेवाव्यात. मार्चच्या मध्यापासून पाऊस सुरू होईपर्यंत ५० टक्के सावलीची जाळी लावावी, पश्चिमेच्या बाजूला ओले गोणपाट टांगावे. सकाळचे ऊन मिळू द्यावे. पाणी सूर्योदयापूर्वी एकदा व संध्याकाळी एकदा द्यावे. एप्रिल-मे मध्ये कुंडी बदलणे, मुळे छाटणे, तार लावणे, खत घालणे यांपैकी काहीही करू नये. विंधन विहिरीचे पाणी खारे असेल तर कुंडीच्या काठावर पांढरा थर चढतो. पहिल्या दोन-तीन चांगल्या पावसांत कुंड्या उघड्यावर ठेवल्या की तो बराच धुऊन निघतो.

आखाजी आणि पाण्याची पाळी

आता मंडळाकडे येतो. वर सांगितलेले सगळे माहीत असूनही झाड मरते, कारण पाणी घालणारे माणूस घरी नसते. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये आखाजी येते, लेकी माहेरी जातात, लग्नसराई असते, शाळांना सुट्या असतात. चार दिवस घर बंद राहिले की संपले. बोन्साय सांभाळणाऱ्या सभासदांत स्त्रिया पुष्कळ असतात. त्यांनी आखाजीला माहेरी जाऊ नये असे कोणी म्हणणार आहे काय?

यावर माझ्या माहितीत एकच इलाज आहे, तो म्हणजे पाण्याची पाळी. कालव्याच्या किंवा सामाईक विहिरीच्या पाण्याची पाळी आपण लावतो, तशीच ही लावावी. मार्चच्या सभेत प्रत्येक सभासदाने आपल्या जाण्या-येण्याच्या तारखा एका वहीत लिहाव्यात. जवळ राहणाऱ्या तिघा-चौघांचा एक गट करावा. जो गावाला जाईल त्याच्या कुंड्या गटातल्या दुसऱ्याच्या घरी जातील, किंवा तो येऊन पाणी घालेल. कुंडीवर मालकाचे नाव आणि 'दिवसातून किती वेळा पाणी' एवढे लिहिलेली चिठ्ठी असावी. दुसऱ्याच्या घरी असताना झाड गेले तर त्याची भरपाई मागायची नाही, हे आधीच सर्वांसमोर ठरवून टाकावे. हा एक नियम नसेल तर पहिल्याच वर्षी दोन घरांचे बोलणे बंद होते.

या पाळीचा दुसरा फायदा असा की माणसे एकमेकांच्या गच्चीवर जातात. कोणाची जाळी कशी आहे, कोणाचे झाड कुठे ठेवले आहे हे डोळ्यांनी पाहतात. द्राक्ष बागायतदारांनी आपल्या संघाच्या कामात एकमेकांच्या बागेत जाऊन चर्चा करण्याला महत्त्व दिले. शिवारफेरीत तासाभरात जे कळते ते सभागृहात कळत नाही. गच्चीफेरीचेही तसेच आहे.

सभेत काय करावे?

महिन्याला एक सभा पुरे. तालुक्याच्या बाजाराच्या दिवशी ठेवली तर खेड्यावरच्या सभासदांना वेगळी खेप पडत नाही. कापूस वेचणीच्या ऐन दिवसांत सभा ठेवली तर शेतकरी सभासद येणार नाहीत, आणि तो दोष त्यांचा नाही. श्रावणात कानबाईच्या रविवारीही ठेवू नये. सभासद १५ ते २५ असावेत. तीसच्या पुढे गेले की मागे बसलेल्यांचे हात रिकामे राहतात. अशा वेळी दुसऱ्या गावात दुसरे मंडळ काढावे.

सभा दोन तासांची धरली तर व्याख्यान अर्ध्या तासाच्या वर नको. मी स्वतः व्याख्याता आहे, तरी हे सांगतो. उरलेला दीड तास प्रत्येकाने आपले झाड समोर ठेवून काम करावे. एक नियम मात्र कडक असावा : मेलेले झाडही कुंडीसह आणायचे. सगळ्यांसमोर कुंडी उलटी करून गड्डा फोडावा. मुळे काळी पडून मऊ झाली असतील तर पाणी साचले होते. गड्डा मधोमध कोरडा असेल तर वर सांगितलेली काळ्या मातीची गोष्ट आहे. मुळे कडेने गोल फिरून दाट झाली असतील तर कुंडी बदलायला उशीर झाला. हे शवविच्छेदन दहा मिनिटांचे असते, पण त्यातून जे शिकायला मिळते ते हिरव्या झाडातून मिळत नाही. शिवाय ज्याचे झाड गेले त्याला कळते की आपण एकटे नाही.

नव्या मंडळाने पहिल्या वर्षी एकच झाड सर्वांनी घ्यावे असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. एकाच वयाची, एकाच रोपवाटिकेतली वीस वडाची रोपे, सारख्या कुंड्या, सारखे मिश्रण. वीस घरांत वीस झाडे वाढतील. वर्षाने ती एका टेबलावर ओळीने ठेवली की कोणी पाणी जास्त दिले, कोणी सावलीत ठेवले, कोणी शेंडा खुडला, सगळे दिसते. पीक प्रात्यक्षिकाचेच हे दुसरे रूप आहे. एक नोंदवही ठेवून त्यात लागवडीची तारीख, छाटणी, कुंडी बदलल्याची तारीख एवढेच लिहावे. जास्त रकाने केले तर वही कोरी राहते.

सुरुवात वटपौर्णिमेच्या सुमारास करावी. ज्येष्ठातली ही पौर्णिमा बहुतेक वर्षी जूनच्या आसपास येते, आणि वडाची फांदी रुजायला तोच काळ चांगला. पूजेसाठी बाजारात वडाच्या फांद्या तोडून आणतात आणि दुसऱ्या दिवशी त्या उकिरड्यावर जातात. त्यांतल्या पेन्सिलीपासून अंगठ्याएवढ्या जाड फांद्या त्याच दिवशी गोळा करून पाण्यात ठेवाव्यात. नऊ ते बारा इंचांचे तुकडे करावेत, चीक गळू द्यावा, वरची दोन-तीन पाने ठेवून बाकीची काढावीत आणि वाळूमिश्रित मातीत सावलीला लावावेत. सगळ्या रुजणार नाहीत, पण मंडळाला पुरतील इतक्या रुजतात. पुढल्या काही वर्षांत हीच झाडे कुंडीतल्या पूजेला उपयोगी पडतील आणि फांद्या तोडण्याची गरज तेवढी कमी होईल. रोपवाटिकाधारकांनी या मागणीकडे लक्ष द्यावे.

शेतकऱ्याकडे काय आहे?

बोन्साय हा शहरातल्या रिकाम्या माणसांचा छंद आहे, असा आपल्याकडे समज आहे. प्रत्यक्षात शहरी सभासदाजवळ गच्ची आणि वेळ असतो. मुरूम, शेणखत, जुनी खोडे आणि कात्री धरलेला सराईत हात शेतकऱ्याजवळ असतो. ज्याने डाळिंबाचा बहार धरला आहे, केळीची पिले वेळच्या वेळी काढली आहेत, त्याला कुठला फुटवा ठेवावा आणि कुठला काढावा हे शिकवावे लागत नाही. दोन्ही प्रकारचे लोक असलेले मंडळ चांगले चालते.

खोडांचे उदाहरण घ्या. जुन्या विहिरीच्या बांधकामात, पडक्या वाड्याच्या भिंतीत पिंपळ आणि उंबर उगवतात. चुन्याच्या सांध्यात वर्षानुवर्षे अडकून त्यांची खोडे बुटकी आणि वळणदार झालेली असतात. शेतकरी त्यांना तोडतोच, कारण मुळांनी विहिरीचा बांध फुटतो. तोडण्यापूर्वी मंडळाला कळवावे. चांगला पाऊस झाल्यावर छिन्नीने सांधा मोकळा करून जेवढी मुळे मिळतील तेवढी सोडवावीत, खोड वीतभर ठेवून वरचे छाटावे, ओल्या गोणपाटात गुंडाळून आणावे आणि मोठ्या कुंडीत लावावे. वर्ष-दोन वर्षे तेथेच वाढू द्यावे. लगेच उथळ कुंडीत घालण्याची घाई करू नये. आणि विहिरीच्या काठावर हे काम एकट्याने करू नये, कमरेला दोर बांधावा. झाडापेक्षा माणूस मोठा.

बांधावरची बोर, बाभूळ, विलायती चिंच यांचीही अशी खोडे मिळतात. मात्र सातपुड्यातून, यावल किंवा अनेर परिसरातल्या जंगलातून झाड उपटून आणू नये. राखीव वनातून असे काही काढणे हा १९२७ च्या भारतीय वन कायद्याखाली गुन्हा आहे, आणि तसे नसते तरी मी नकोच म्हटले असते. उपटून आणलेल्यांपैकी पुष्कळ झाडे जगत नाहीत. मंडळाने आपल्या टेबलावर असे झाड ठेवूच देऊ नये.

झाडाला छळता, असे कोणीतरी प्रत्येक सभेत म्हणते. त्यांना एवढेच विचारावे की आपण डाळिंबाला ताण देतो, पानगळ करतो, द्राक्षाची छाटणी करतो, तो छळ आहे काय? उपाशी ठेवलेले झाड बोन्साय होत नाही, मरते. घरात पिंपळ ठेवावा की नाही हा ज्याच्या-त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. ज्याला नको त्याने चिंच लावावी.

भांडणे कुठून सुरू होतात?

पैसा, बक्षीस आणि विक्री या तीन ठिकाणांहून. पैशाचे सोपे आहे. वर्गणी थोडी ठेवावी, जमाखर्च दर सभेत मोठ्याने वाचावा. वीस माणसांच्या मंडळाला लगेच नोंदणी करण्याची गरज नाही. पुढे बँकेत संस्थेचे खाते, देणग्या, जागा असा व्याप वाढला तर संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासद दाखवून ती करता येते. तारा, चाळणी, मुळे व फांद्या कापायच्या कात्र्या सामाईक घ्याव्यात आणि दर महिन्याला वेगळ्या सभासदाच्या ताब्यात द्याव्यात. ज्याच्याकडे अवजारे आहेत तो सभेला येतोच, हा अनुभव आहे.

बक्षिसांचे कठीण. प्रदर्शन जानेवारी-फेब्रुवारीत भरवावे, त्या वेळी हवा चांगली असते. पण पहिला नंबर नेहमी विकत आणलेल्या जुन्या झाडाला जातो आणि तीन वर्षे राबलेला माणूस खट्टू होतो. म्हणून मंडळाच्या एकाच वयाच्या झाडांचा वेगळा विभाग असावा, आणि विकत घेतलेले झाड मालकाकडे किमान एक वर्ष राहिल्याशिवाय स्पर्धेत घेऊ नये. ज्यांना मोठे प्रदर्शन कसे मांडतात ते पाहायचे असेल त्यांनी प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधील पुष्पप्रदर्शन पाहावे. पुण्यातच २०१८ साली प्राजक्ता काळे यांच्या पुढाकाराने 'बोन्साय नमस्ते' हे मोठे संमेलन व प्रदर्शन झाले. मुंबईत इंडो-जपानीज असोसिएशनच्या बोन्साय अभ्यास गटाचे काम ज्योती व निकुंज पारेख यांनी उभे केले. 'अभ्यास गट' हा शब्द मला आवडतो. मंडळ म्हटले की अध्यक्ष कोण हा प्रश्न आधी येतो.

विक्रीबाबत मी रोपवाटिकाधारकांना स्पष्टच सांगतो. तुम्ही मंडळात अवश्य या, पण सभा चालू असताना कुंडी विकू नका. विक्रीचे टेबल सभा संपल्यावर, बाहेर. मंडळातला सभासद दहा वर्षे तुमच्याकडे रोपे, कुंड्या, मिश्रण घेत राहील. एका सभेत त्याला चार कुंड्या खपवल्या तर तो परत येणार नाही.

दार उघडे ठेवणे

मंडळाचे नियम किती असावेत, असे विचारतात. जपानमध्ये ओमिया येथे बोन्सायवाल्यांचे एक गाव आहे. १९२३ च्या मोठ्या भूकंपानंतर टोकियोतले काही उत्पादक मोकळी हवा व चांगले पाणी शोधत तेथे गेले आणि १९२५ साली गाव वसले. तेथे राहणाऱ्याने किमान दहा बोन्साय ठेवावेत, दार सर्वांसाठी उघडे असावे, घर दुमजली बांधू नये आणि कुंपण जिवंत झाडांचे असावे, असे नियम त्यांनी केले होते. चारच नियम, आणि प्रत्येक नियम झाडाच्या किंवा पाहुण्याच्या सोयीचा! पहिले जागतिक बोन्साय संमेलन १९८९ साली याच ओमियात भरले. आपल्या मंडळालाही पाण्याची पाळी, भरपाई न मागणे, मेलेले झाड आणणे आणि सभेत विक्री न करणे, एवढे चार नियम पुरेत.

एक गोष्ट मात्र लवकर ठरवून ठेवावी. सभासद वयस्कर होतो, आजारी पडतो, मुलांकडे परगावी जातो. त्याच्या झाडांचे काय? हिरोशिमा येथे यामाकी कुटुंबाकडे एक पाइनचे बोन्साय होते. त्याला १६२५ पासून वळण दिले जात होते असे मानतात. १९४५ च्या अणुबॉम्बमधून ते कुंपणाच्या भिंतीआड वाचले, १९७६ साली अमेरिकेला भेट दिले गेले आणि आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात आहे. ते बॉम्बमधून वाचलेले आहे हे तेथील लोकांना २००१ साली त्या घरातले नातू पाहायला आले तेव्हा कळले. म्हणजे पंचवीस वर्षे झाडाबरोबर त्याची हकिगत नव्हती.

आपल्याकडच्या वडाला अजून तेवढे आयुष्य व्हायचे आहे, पण पद्धत आजपासून लावता येईल. नोंदवहीत प्रत्येक झाडापुढे एक रकाना ठेवावा : 'माझ्यानंतर कोणाकडे'. त्यात मुलाचे, सुनेचे किंवा दुसऱ्या सभासदाचे नाव लिहावे, आणि झाड देताना वहीतले ते पानही बरोबर द्यावे.

आता मी थांबतो. काळ्या मातीत लावलेल्या कुंड्या ज्यांनी आज बरोबर आणल्या आहेत, त्यांनी त्या बाहेरच्या नळाजवळ घेऊन याव्यात. घमेली आणि चाळण्या तेथे ठेवल्या आहेत. गड्डा किती भिजला आहे ते आपण तेथेच पाहू आणि प्रश्नही तेथेच घेऊ.